दाजींचा काढा आणि सुरतेचे चार दिवस

सुरतेहून परत आले तेव्हा सांगलीत प्रत्येकाने मला एकच विचारलं, साड्या काय आणल्या? एकही आणली नाही म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना. यकृतावर बोलायला गेले होते, असं सांगितल्यावर लोक आणखीच हळहळले. सुरतेपर्यंत जाऊन यकृत, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्यासुद्धा.

मी सांगलीतल्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. हळदीच्या गावात राहून हळदीवर संशोधन करते, यात फारशी कल्पकता नाही हे मला मान्य आहे. हळदीतला पिवळा घटक यकृताला इजेपासून कितपत वाचवतो, हे मी उंदरांवर पाहते. माझे सगळे पेशंट पिंजऱ्यात असतात आणि त्यांच्यापैकी कुणीही मला कधी उलट प्रश्न विचारलेला नाही. सुरतेच्या एका कॉलेजात वनस्पतिज औषधांवर तीन दिवसांची परिषद होती, तिचं बोलावणं आलं आणि मी लगेच हो म्हटलं. त्याला हळदीइतकीच मंगलताई कारणीभूत होती.

मंगलताई माझ्या काकांची मुलगी. आमचं माहेर पारोळ्याकडचं. ती लग्न होऊन सुरतेला गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि दर वर्षी फोनवर "औंदा ये" म्हणायची. मी दर वर्षी "नक्की" म्हणायचे.

बुधवार, डिंडोली

उधना स्टेशनवर ताई आणि दाजी दोघं घ्यायला आले होते. दाजींचं नाव सुकलाल. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये, ते स्टेंटरवर काम करतात. रंगवलेलं ओलं कापड ताणून गरम हवेत सुकवणारं ते लांबलचक मशीन. दाजी तिथले जुने माणूस. माणूस हसरा, मिशी जपणारा. पण त्या सकाळी ते जिन्यावरून माझी बॅग घेऊन उतरले ते पाय फाकवून, होडीत उभं राहिल्यासारखे. दोनदा भिंतीला हात लावला. मी म्हटलं, "दाजी, बॅग जड आहे, मला द्या." ते म्हणाले, "पुस्तकं भरली असशील. विद्या जडच असते." ताई मात्र हसली नाही. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी माझंही हसू आवरतं घेतलं.

ताईच्या डिंडोलीत रिक्षा शिरली आणि मला क्षणभर वाटलं, आपण पारोळ्यालाच उतरलो. दुकानावरच्या पाट्या गुजराती, पण ओट्यावर बसलेल्या बायका अहिराणीत भांडत होत्या आणि कुणाच्या तरी घरातून काळ्या मसाल्याची फोडणी नाकात शिरत होती. ताईने दारातच हुकूम सोडला, "बठ, बाई, पहिले पाणी पे." घरात ती दोघं अहिराणीच बोलतात. मी इथे बहुतेक सरळ करून लिहिते, कारण सांगलीच्या माझ्या मैत्रिणी हे वाचणार आहेत. मुलगी कोमल बारावीला आहे. ती आईशी अहिराणी, बापाशी हिंदी आणि फोनशी गुजराती बोलते. माझ्याशी कशात बोलावं हे तिला चार दिवसांत ठरवता आलं नाही.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. शेजारच्या गुजराती काकींनी पाहुणी आली म्हणून डाळ पाठवली होती. ती मी आमटी समजून भाकरीवर ओतली आणि पहिल्या घासाला गप्प झाले. सांगलीत एवढी गोड वस्तू आम्ही जेवणानंतर खातो. दाजी म्हणाले, "वीस वर्षं झाली, मी अजून ती खीर समजूनच खातो."

जेवण झाल्यावर त्यांनी फळीवरून स्टीलचा पेला काढला. आत गडद पिवळं, दाट काहीतरी होतं. एका दमात पिऊन तोंड पुसलं आणि मोठ्या अभिमानाने मला म्हणाले, "तुझंच औषध आहे हे. यकृतासाठी. तुझा व्हिडिओ पाहून चालू केलं."

आता हे सांगायला हवं. आमच्या कॉलेजाने माझं एक छोटं भाषण चित्रित केलं होतं. त्यात मी हातवारे करत म्हटलं होतं की नुसती हळद अंगी लागत नाही, सोबत चिमूटभर मिरी हवी. ते आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरलं, आत्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. माझे शोधनिबंध आजवर फार तर परीक्षकांनी वाचले असतील. इथे एक माणूस माझं ऐकून रोज पेला भरत होता. मी इतकी सुखावले की पेल्यात काय किती घालता, आणि मुळात यकृताची काळजी तुम्हाला कशासाठी, हे दोन साधे प्रश्न विचारायचे राहून गेले. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

गुरुवार, परिषदेत

यकृताच्या परिषदेची सुरुवात लोचोने झाली. हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला, धड न जमलेल्या ढोकळ्यासारखा पदार्थ, वर तेल, शेव, कांदा. आमच्या यजमान प्राध्यापिका हीनाबेन ताटाशी उभ्याच होत्या. मी एक बशी संपवली तर म्हणाल्या, "बस, आटलुंज?" एवढंच का, हा प्रश्न सुरतेत इतक्या दुःखाने विचारतात की नाही म्हणणं क्रूरपणाचं वाटतं. मी दुसरी बशी घेतली. मग यकृतावर मेदाचा थर कसा साचतो, यावरचं पहिलं व्याख्यान आम्ही सगळ्यांनी जड डोळ्यांनी ऐकलं.

सभागृहात जिकडेतिकडे वनस्पतींनी वाचवलेले उंदीर होते. भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा, हळद. प्रत्येक जण आधी उंदराच्या यकृताला इजा करत होता आणि मग आपल्या लाडक्या झाडपाल्याने ते सावरत होता. दुपारी मात्र एका तरुण संशोधिकेच्या तक्त्यापुढे मी थांबले. तिचा विषय उलट बाजूचा होता. यकृत आपण घेतलेल्या औषधांची मोडतोड करून ती शरीराबाहेर घालवण्याची तयारी करतं. मिरीतला तिखट घटक नेमका त्याच कामात आडवा येतो. म्हणून तर मिरीसोबत हळद शरीरात टिकते. "पण मॅडम," ती मला हिंदीत म्हणाली, "यकृताला काय माहीत की फक्त हळदीलाच सोडायचं आहे? दुसरी गोळीही टिकून राहते." मला हे ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या प्रबंधात यावर एक अख्खं वाक्य आहे.

संध्याकाळी हीनाबेननी आम्हाला तापीच्या काठी पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. आपण तो शेतात, आगटीशेजारी, हात काळे करून खातो आणि त्यालाच अर्धी चव असते. सुरतेत तो निवडून, पाखडून, दुकानात मिळतो, सोबत लिंबाची आणि मिरीची शेव. मी मिरीची शेव तोंडात टाकली आणि एकदम फळीवरचा तो पेला डोळ्यांपुढे आला. भिंतीला धरून उतरणारे दाजीही आले. हीनाबेनना म्हटलं, मला डिंडोलीला लवकर जायला हवं. त्यांनी अर्धा किलो पोंक बांधून दिल्याशिवाय सोडलं नाही.

घरी ताई पलंगाखालची ट्रंक ओढून कपडे घड्या करत बसली होती. दाजी बाहेर ओट्यावर. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तू गेलीस की मी कोमलला घेऊन पारोळ्याला जाणार आहे. बारावीची परीक्षा तिथून देईल."

"का पण?"

"पितात ते. कामावरून घालवलं त्यांना. आठवडा झाला. मला सांगतात, साली येणार म्हणून सुट्टी घेतली. शेजारणीच्या नवऱ्याने सांगितलं तेव्हा मला कळलं."

गुजरातेत दारूबंदी आहे. ती असल्यामुळे दारू मिळत नाही असं नाही, पण झोकांड्या देणाऱ्या माणसाबद्दल शेजाऱ्यांना उगाच जास्त रस असतो. मास्तरांनी, म्हणजे स्टेंटर खात्याच्या प्रमुखांनी, दाजींना दोनदा मशीनजवळ डुलताना पाहिलं. गरम मशीन, फिरते रूळ, एकदा बाही अडकली की संपलं. त्यांनी सांगितलं, घरी जा, शुद्धीत ये, मग बोलू.

दाजी दारात येऊन उभे राहिले होते. चौकटीला धरून. "मी दारूले हात लायेल नही," ते म्हणाले. हे त्यांनी आधीही पुष्कळदा म्हटलं असणार, कारण आवाजात आता पटवून द्यायचा प्रयत्न नव्हता.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. माणसांची डॉक्टर नसले तरी औषधशास्त्र शिकवते, तेवढ्या जोरावर एक बोट त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि म्हटलं, डोकं न हलवता नुसतं बघा. बोट बाजूला नेलं तर त्यांचे डोळे सरळ न जाता झटके देत सरकले. ताई पाहत होती. मी विचारलं, "दाजी, रोजची कुठली गोळी आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ताईने उठून दार लावलं. डब्यामागून तिने एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. फिटची गोळी. दाजींना लग्नाआधीपासून फिट येत. गोळी चालू झाल्यापासून कित्येक वर्षांत एकदाही आली नव्हती. शेजाऱ्यांना माहीत नव्हतं, कोमलला माहीत नव्हतं, आणि मिलमध्ये तर मुळीच नाही. फिटवाल्या माणसाला स्टेंटरवर कोण ठेवणार?

"कुणीतरी म्हणालं, रोजच्या गोळीने लिव्हर खराब होतं," दाजी म्हणाले. "तेवढ्यात तुझा व्हिडिओ आला."

"किती मिरी घालता?"

त्यांनी काढ्याचा चमचा दाखवला. तो चमचा वरणाचा होता. हळद दोन, मिरी एक, शिवाय किराणावाल्याच्या सल्ल्याने पिंपळी, तीही मिरीचीच बहीण. सकाळ-संध्याकाळ, दिवाळीपासून.

मी त्यांना समजावलं. मशीनवर कापड येतच राहिलं आणि शेवटी गुंडाळणारा माणूस खाली बसला, तर काय होईल? "ढीग," दाजी लगेच म्हणाले. मग थांबले. "म्हणजे गोळीचा ढीग झाला?"

"तसं दिसतंय. आणि ही गोळी त्यात फार हट्टी आहे. थोडी तुंबली की भराभर चढते. मग तोल जातो, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. बघणाऱ्याला वाटतं, माणूस प्यायलाय."

ताईने घडी घातलेली साडी मांडीवरच धरून ठेवली होती.

"चूक माझी आहे, दाजी," मी म्हटलं.

"तू चिमूट म्हणालीस," ते म्हणाले, "मूठ मी घेतली."

शुक्रवार, दवाखान्यात आणि व्यासपीठावर

माझं भाषण सकाळी दहाला होतं. मी हीनाबेनना फोन करून सांगितलं की घरी अडचण आहे. त्यांनी एकही प्रश्न न विचारता मला दुपारी जेवणानंतर टाकलं, आणि डब्यात काही पाठवू का, असं विचारलं.

दाजींची गोळी लिहून देणारे डॉक्टर वयस्कर गुजराती गृहस्थ होते. त्यांनी डोळे पाहिले, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि दाजी रेषा सोडून कपाटाकडे निघाल्यावर हात धरून बसवलं. मग मी डबीत नेलेली पूड त्यांनी हुंगली. "काका," ते म्हणाले, "आ दवा छे के शाकनो मसालो?" औषध आहे की भाजीचा मसाला. दाजी ओशाळले. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मी हा मसाला सुचवणारी. त्यांनी चष्मा वर करून मला नीट पाहिलं. चाळीस वर्षांची बाई वर्गात उभी केल्यासारखी मी उभी होते.

त्यांनी रक्तातलं गोळीचं प्रमाण तपासायला दिलं, काढा त्या क्षणापासून बंद केला आणि गोळी कशी कमी करायची ते कागदावर लिहिलं. "मनाने गोळी बंद करायची नाही," ते दाजींना दोनदा म्हणाले. "फिट आली तर ती मिरीपेक्षा महाग पडेल." आणि लिव्हरचं? तेही तपासू, ते म्हणाले. तपासलं. दाजींचं यकृत ठणठणीत होतं. ज्याला वाचवायला हे सगळं चाललं होतं, त्याला कसलाही धोका नव्हता.

दुपारी मी व्यासपीठावर गेले तेव्हा सभागृहात उंधियु जेवलेली पंधरा-वीस माणसं होती, त्यातली निम्मी जागी. माझ्याकडे हळदीची सुंदर रंगीत चित्रं होती. ती मी दाखवली. शेवटी मात्र चित्रं संपल्यावर मी नाव न घेता एका माणसाची हकिगत सांगितली, जो एका बाईंचं ऐकून काढा प्यायला आणि नोकरीवरून गेला. ती बाई मीच, हेही सांगितलं. सभागृह जागं झालं. संशोधकांना उंदीर वाचल्याची झोप येते, माणूस बुडाल्याचं ऐकलं की जाग येते. काल तक्ता लावलेली ती मुलगी मागच्या रांगेत बसली होती. तिने टाळी वाजवली नाही, वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला ते जास्त आवडलं.

शनिवार, पलसाणा

रिपोर्ट सकाळी आला. गोळीचं प्रमाण जेवढं असायला हवं त्याच्या फार वर होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की हा औषधाचा परिणाम आहे, दारूचा नाही. कागद हातात आल्यावर दाजींनी तो घडी करून खिशात ठेवला आणि अंगणात जाऊन बसले. मला वाटलं होतं, ते आनंदाने मिलकडे पळतील.

"यावर गोळीचं नाव आहे," ते म्हणाले. "मास्तर विचारणार, कसली गोळी."

त्यांचं खरं होतं. दारुडा म्हणून गेलेला माणूस माफी मागून परत येऊ शकतो. फिटवाला म्हणून गेलेला स्टेंटरवर परत येत नाही. मी म्हटलं, चिठ्ठी दुसऱ्या शब्दांत लिहून घेता येईल का ते विचारू. हे बोलताना मला स्वतःलाच बरं वाटलं नाही, कारण ते मशीन मी पाहिलं नसलं तरी त्या रुळांचं वर्णन ऐकलं होतं.

ताई आतून आली. ट्रंक तिने परत पलंगाखाली सरकवलेली होती. ती म्हणाली, "खरं सांगा. वीस वर्षं मी ती पिशवी डब्यामागे लपवते आहे. मला कंटाळा आला."

आम्ही तिघं रिक्षेने पलसाण्याला गेलो. हायवेच्या दोन्ही अंगांना मिलच्या चिमण्या, हवेला ओल्या कापडाचा आणि रंगाचा वास. गेटवर तिवारी मास्तर आले. पन्नाशीचे, कानाला पेन्सिल, बोटं निळी. त्यांनी चिठ्ठी घेतली.

"दारू का रिपोर्ट है?"

"नहीं मास्तर. गोली का."

मास्तरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "तो उस दिन पिया नहीं था?"

"नहीं."

"तो बोला क्यों नहीं?"

दाजी म्हणाले, "बोलता तो फिट का बोलना पड़ता."

मास्तरांनी कागद घडी करून दाजींना परत दिला. आतून मशीनचा घरघर आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, शेवटची फिट कधी आली होती. दाजींनी सांगितलं, कोमलच्या जन्माआधी. मास्तर म्हणाले, "स्टेंटर पे अब नहीं रखूँगा, सुकलाल. तू बुरा मान या मत मान. घडीखाते में आ जा. ठीक हो के आ." आणि मग थोडं चिडून, "इतने साल मेरे बाजू में खड़ा रहा. मुझे बता देता तो मैं गिरते को पकड़ता तो सही."

दाजींनी मान हलवली. घडीखातं म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालायच्या. स्टेंटरवरच्या माणसाला ते उतरून बसल्यासारखं वाटतं. पण ते "हाँ मास्तर" म्हणाले आणि मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर निळी बोटं ठेवली. शर्टावर डाग पडला. एरवी डागावरून बोलणारी ताई गप्प राहिली.

मला उधन्याला गाडीवर सोडायचं म्हणून आम्ही तसेच त्याच रिक्षेने निघालो. वाटेत चलथाणच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रकमागे अडकलो. ताई मध्ये बसली होती, दाजी पलीकडे.

ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी तुमचा वास घ्यायची. रोज. तुम्ही कामावरून आले की दारातच, हातातली पिशवी घ्यायच्या निमित्ताने."

"माहीत होतं," दाजी म्हणाले.

"मग काही बोलले नाही ते?"

"काय बोलणार? तुला नीट घेता यावा म्हणून दारात जरा जास्त वेळ उभा राहायचो."

ताईने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी बाहेर उसाच्या ट्रककडे पाहत राहिले. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, पण ट्रक काही लवकर बाजूला झाला नाही, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही त्याची घाई नव्हती.